पाहुणे आणि माहेरवाशिणी

थंडीने जरा अंग धरले, की पुण्याच्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या हटकून येतात. एक, बाजारात हुरडा आला. दुसरी, उजनीवर पाहुणे उतरले. हे पाहुणे म्हणजे रोहित पक्षी. शाळेतली मुले त्यांना फ्लेमिंगो म्हणतात, आणि आता मुलांचे आईबापही तसेच म्हणू लागले आहेत. बातमीच्या शेजारी गुलाबी पंखांचे छायाचित्र असते. मग काय विचारता! रविवारी पहाटे मोटारी भिगवणच्या वाटेला लागतात. कुंभारगावात नाव ठरवायची, तासभर पाण्यावर हिंडायचे, काठावर मासळीचे ताट जेवायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचे. आमच्या घरीही हा कार्यक्रम दर वर्षी होतो. आमच्या ह्यांना एरवी साळुंकी आणि मैना यांतला भेद विचारला तर ते वर्तमानपत्रात डोके घालतात. पण रोहित पाहून आले, की चार दिवस कचेरीत पक्षितज्ज्ञ म्हणून वावरतात.

पाहुण्यांचे कौतुक करू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. रोहितांचा थवा उठतो तेव्हा आकाशाला जे गुलाबी अस्तर लागते, ते एकदा तरी पाहावेच. पण पाहुणा आला म्हणून माहेरपणाला आलेल्या लेकीकडे घरात कोणी पाठ फिरवीत नाही. उजनीवर आपण सारे नेमके तेच करीत आहोत. रोहित उजनीवर येतो तो जेवायला. चिखलातले किडेमकोडे, शेवाळ यांवर त्याचा हिवाळा आणि उन्हाळ्याचा बराचसा काळ निघतो. अंडी घालायला मात्र तो इथे थांबत नाही. त्याचे मोठे सूतिकागृह आहे कच्छच्या रणात. डॉ. सालिम अली १९४५ साली ते पाहायला गेले होते, तेव्हा तिथे चिखलाची घरटी लाखाच्या घरात भरली होती.

उजनीवर बाळंतपणाला येणारे पक्षी निराळेच आहेत. ते चैत्र-वैशाखात येतात. त्या दिवसांत नावा रिकाम्या असतात, कारण बेचाळीस अंशांच्या उन्हात पुण्याचा माणूस भिगवणला जात नाही. त्या पक्ष्यांचे पंख गुलाबी नाहीत आणि त्यांच्या येण्याची बातमी होत नाही. आज या सदरात त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

मराठी शिकवणाऱ्या बाईने ही पक्ष्यांची वकिली का घ्यावी, असे वाचकांना वाटेल. त्याला कारण माझे माहेर. दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या मध्ये केम नावाचे स्टेशन लागते. करमाळा तालुक्यातले हे गाव. जलद गाड्यांतल्या बहुतेक प्रवाशांनी ते झोपेतच पाहिलेले असते. गावात उत्तरेश्वराचे देऊळ आहे, आणि गावाचा धंदा आहे कुंकवाचा. केमचे कुंकू दूरदूर जाते. वाचक भगिनींच्या करंड्यातही ते असेल. लहानपणी आमच्या आळीतून शाळेत जाताना पायांची बोटे लाल व्हायची आणि शहरातली पाहुणी मुले ती पाहून घाबरायची.

केम कोरडे, पण पंधरा-वीस किलोमीटरवर उजनीचा फुगवटा आहे. काठाची माणसे त्याला 'बॅकवॉटर' म्हणतात, आणि हा शब्द तिथल्या आजीबाईंच्या तोंडीही इतका रुळला आहे, की तो इंग्रजी आहे हे त्यांना सांगितले तर त्या हसतील. भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनीजवळ बांधलेले हे धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. मी त्यानंतरच्या वर्षी जन्मले. म्हणजे धरण मला पाठच्या थोरल्या बहिणीसारखे.

आईचे माहेर भीमेच्या काठी, वांगीच्या बाजूला. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी आई रीतीप्रमाणे माहेरी गेली, आणि दादा नदीकाठच्या त्या घरात जन्मला. माझ्या वेळी ते घर राहिले नव्हते. दारे, खिडक्या, तुळया उतरवून मामा वरच्या अंगाला नव्या वसाहतीत राहायला गेले होते. त्या भागातल्या वसाहतींना आजही नंबर आहेत: वांगी नंबर एक, वांगी नंबर दोन. नव्या जागी अजून छप्पर नव्हते, तेव्हा पोटुशा लेकीला बोलावणार कुठे? म्हणून माझा जन्म केमचा, सासरघरचा. आईने याचा बाऊ कधी केला नाही. मात्र जन्मगावाचा रकाना भरताना दादाच्या कागदावर ती एका बुडालेल्या गावाचे नाव लिहीत असे, आणि लिहून झाल्यावर क्षणभर पेन हातातच धरून बसे.

धरणाचे पाणी कसे चढते-उतरते, हे थोडक्यात सांगायला हवे. त्याशिवाय पक्ष्यांची गोष्ट कळायची नाही. उजनीत सगळे मिळून सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातले सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा, आणि उरलेला सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त साठा. मृतसाठा उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा, असा हा प्रकार आहे. उपयुक्त साठा संपला की आकडा शून्यावर येतो. त्याखाली गेले की वर्तमानपत्रे 'उजनी उणे वीस टक्के', 'उणे तीस टक्के' अशी मोजणी करू लागतात. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात माणसे एकमेकांना भेटली की प्रकृती विचारण्याआधी हा आकडा विचारतात. २०२४ सालच्या उन्हाळ्यात तर तो उणे पन्नासच्याही खाली गेला होता.

पाणी उतरते तशी बुडालेली जमीन वर येते. इंदापूरच्या बाजूला पळसदेवचे जुने देऊळ शिखरापासून पायथ्यापर्यंत उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात. उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी पीक घेतात; त्याला गाळपेर म्हणतात. धनगर मेंढरे घेऊन उतरतात. आणि जिथे उंचवटा असेल तिथे चहूकडून पाणी आणि मध्ये उघडे टेकाड, असे बेट तयार होते. त्या बेटाची वाट पाहत असतात या माहेरवाशिणी.

त्यांतली थोरली म्हणजे नदी सुरय. कबुतराहून अंगाने सडपातळ, पाठ राखी, पोट पांढरे, डोक्यावर काळी टोपी, चोच हळदीसारखी पिवळी आणि शेपूट खोल दुभंगलेले. पाण्यावर घिरट्या घालता घालता ती अचानक सूर मारते आणि चोचीत मासोळी घेऊन वर येते. तिची धाकटी सोबतीण आर्ली. ती एवढीशी, वाळूच्या रंगाची, उडते मात्र भिंगरीसारखी. हवेतले किडे हवेतच टिपते. शिवाय लांब लाल पायांचा शेकाट्या आणि आपली टिटवी. या चौघींचे बिऱ्हाड सारखेच: उघड्या जमिनीवर. काडी नाही, कापूस नाही, झाड नाही. जमिनीत पोटाने दाबून केलेला एक खळगा आणि त्यात दोन, तीन, फार तर चार ठिपकेदार अंडी. ती आसपासच्या खड्यांत इतकी मिसळून जातात, की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. हेच त्यांचे रक्षण आणि हाच त्यांचा घात.

उघड्यावर अंडी घालण्यात थंडीपेक्षा उन्हाची भीती मोठी. वैशाखातले ऊन तासभर लागले तर अंडे शिजेल. म्हणून सुरय अंड्यांवर बसते ती पुष्कळदा ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. मधूनच उठून ती पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. टिटवी आणि आर्लीही हेच करतात. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत वाळ्याचे ताटे लावून त्यांवर पाणी शिंपडीत. त्यातलाच हा प्रकार. असे सुमारे तीन आठवडे उबवायचे, आणि पिल्ले निघाल्यावर ती उडेपर्यंत आणखी महिनाभर राखायचे. म्हणजे साऱ्या बाळंतपणाला साधारण दोन महिने लागतात.

संस्कृत काव्यात कुररी नावाची एक आक्रंदणारी पक्षीण येते. ती म्हणजे ही सुरयच, असे काही जाणकारांचे मत आहे. कालिदासाने रघुवंशाच्या चौदाव्या सर्गात, अरण्यात सोडून दिलेल्या गरोदर सीतेच्या रडण्याला तिची उपमा दिली आहे. वर्गात हा प्रसंग सांगताना मुलींचे डोळे ओलावतात. पण मला त्याहून पुढचा प्रसंग मोठा वाटतो. त्या रडण्याच्या रोखाने वाल्मीकी येतात आणि तिला सांगतात, की परमुलखात तू आपल्या बापाच्याच घरी आली आहेस असे समज. पोटुशीला प्रथम जागा लागते, मग बाकीचे सारे, हे त्या ऋषीला कळले होते. सुरयीच्या घिरट्या आणि तिचा कर्कश आक्रोश ऐकला की कालिदासाने कान उघडे ठेवून लिहिले होते, याबद्दल शंका राहत नाही.

मी तो आक्रोश अगदी जवळून ऐकला २०२४ च्या एप्रिलात, पाडवा झाल्यावर. मामांना आता पंचाहत्तरी उलटली आहे. पाणी इतके खाली गेले होते, की जुने गाव वर आले होते. मामांनी निरोप धाडला, "पोरी, तुज्या आईचं घर दिसाया लागलंय, ये बघायला." मी गेले. भेगाळलेल्या गाळातून आम्ही दोन किलोमीटर चालत गेलो. घर म्हणजे काय, दगडी जोते आणि उंबऱ्याचा एक दगड. त्याच्या पलीकडे मारुतीच्या देवळाचा उंचवटा. आम्ही तिकडे वळलो मात्र, आणि डोक्यावर गलका उठला. पंधरा-वीस सुरया एकदम अंगावर आल्या. एकीने तर मामांच्या मुंडाशाला चोच मारली. मामा जागच्या जागी थांबले, आणि आम्ही आल्या पावली दहा-पंधरा पावले मागे सरलो. आर्लीचे एक जोडपे पंख मोडल्याचे सोंग करीत आमच्यापुढे फरफटत चालले होते. शत्रूला अंड्यांपासून दूर न्यायचे, ही तिची युक्ती.

मामा म्हणाले, "आमी गेलो आन ही आली. गाव काय रिकामं ऱ्हात न्हाई बग."

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर फार गोड झाली असती. पण तिथे एक अडचण होती, आणि ती अडचण आमच्या घरचीच होती. मामेभावाची तीन एकर केळी आहे. पाणी रोज मागे हटत होते, आणि दर आठ दिवसांनी त्याला पाण्यातली मोटार पुढे सरकवून पाइप वाढवावे लागत होते. नव्या पाण्यापर्यंतची सर्वांत जवळची वाट जात होती ती नेमकी मारुतीच्या उंचवट्यावरून. पाणी आणखी उतरल्यामुळे त्या बेटाची एक बाजू काठाला जोडली गेली होती. पाइप तिथून न्यायचा म्हणजे चार गडी, एक ट्रॅक्टर आणि दिवसभराची पायदळी.

मी त्याला म्हणाले, "दुसरीकडून नेता येणार नाही का?"

तो म्हणाला, "ताई, वळसा घालायचा तर सात पाइप जास्त लागत्यात. चार दिवस पाणी न्हाई मिळालं तर घड बसतील. तुमी सुट्टीला आलाय, मला हितं वरीसभर जगायचंय."

त्याचे बोलणे खोटे नव्हते. पुण्याला नळ सोडला की पाणी येते, अशा घरातून आलेल्या बाईने त्याला पक्ष्यांविषयी उपदेश करावा, हे मलाही शोभत नव्हते. मी गप्प राहिले. बोलले ते मामा. म्हणाले, "आपल्याला उठवलं तवा आठ दिसांची मुदत मागितली व्हती मी. ह्यांनी कुणाला मागायची?" भाऊ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघांकडून त्याने सात पाइप उसने आणले आणि वळसा घातला. घालताना तोंडाने पुटपुटत होता, आणि त्याचा पुटपुटण्याचा हक्क मला मान्य आहे. पुढे मेच्या मध्यावर त्याचा फोन आला. गावातल्या कुत्र्यांनी काठाकडची बरीच अंडी खाल्ली होती. टेकाडाच्या टोकाकडची पिल्ले मात्र पळू लागली होती. "चोचीत मासं घेऊन रांगच लागलीय बघा," असे तो सांगत होता, आणि त्याच्या आवाजात केळीचा घड चांगला भरल्यावर असतो तसा अभिमान होता.

पुढल्या वर्षी, २०२५ साली, नेमके उलटे झाले. मोसमी पाऊस त्या वर्षी फार लवकर आला. २६ मे रोजी तो मुंबईत पोचलासुद्धा. त्याच सुमाराला बारामती, इंदापूर, दौंड भागात धुवाधार पाऊस कोसळला आणि उजनीची पातळी मे महिन्यातच चढू लागली. साऱ्या जिल्ह्याने सुटकेचा श्वास टाकला, आणि टाकावाच. भावाचा फोन आनंदाचाच होता, पण शेवटी तो म्हणाला, "ताई, उंचवटा गेला पाण्यात. मागनं घातलेली अंडी व्हती अजून."

म्हणजे पाहा, या माहेरवाशिणींची वाट किती अरुंद आहे. पाणी फार उतरले तर बेट काठाला लागते आणि कुत्री, गुरे, ट्रॅक्टर आत येतात. पाणी लवकर चढले तर अंडी बुडतात. नदी मोकळी वाहत होती तेव्हाही पूर येत असे. पण तो आषाढात येई, आणि सुरयीचे पंचांग त्या पुरावर बेतलेले होते. आता भारतातल्या कितीतरी नद्यांत भर उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडतात आणि खालचे वाळवंट एका रात्रीत बुडते. वाळूही जागेवर राहिलेली नाही. ती शहरांतल्या इमारतींत गेली आहे. एके काळी नदीकाठी सहज दिसणारी ही सुरय २०२० साली जागतिक तांबड्या यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदली गेली, ती अशा कारणांनी. ती दिसते पुष्कळ ठिकाणी. तिला निर्धास्तपणे अंडी घालता येतील अशा जागा मात्र थोड्या उरल्या आहेत.

चित्रबलाकाचेही तेच. भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावात पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर त्यांची घरटी असतात. झाडाखाली पाणी असले म्हणजे मांजर-कुत्रे वर चढत नाही, हा त्यांचा हिशेब. तलाव आटला की ते पाठ फिरवतात. पक्षी तक्रारअर्ज करीत नाहीत. पुढल्या वर्षी येत नाहीत, इतकेच.

न येणे म्हणजे काय असते, हे सोलापूर जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. नान्नजच्या माळावरच्या माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. त्या अफाट क्षेत्रात आमचा करमाळा तालुकाही होता. माळढोकाची मादी एका विणीला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या माळावर. कालव्यांचे पाणी आले, विहिरी खोल गेल्या, माळाचे ऊस झाले, गावे वाढली, तारा आल्या. या सगळ्यांत वाईट असे एकही नव्हते. तहानलेल्या मुलखाला पाणी हवेच होते. पण माळढोकाचे बाळंतपणाचे अंगण या सगळ्यांत गेले, आणि अंगण गेल्यावर पक्षी गेला. आज तिथे एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. तो दररोज दिसत होता तेव्हा कोणी ती छापली नव्हती.

आता करायचे काय? मी मराठीची प्राध्यापिका; धरणाचे दरवाजे माझ्या हाती नाहीत, आणि कोणाची केळी वाळवून पक्षी राखा असे म्हणण्याची माझी इच्छाही नाही. पण जगात दोन उदाहरणे अशी आहेत, की ती ऐकल्यावर हात जोडून बसवत नाही. फ्रान्समध्ये रोन नदीच्या मुखाशी कामार्ग नावाचा पाणथळ त्रिभुज प्रदेश आहे. तिथे रोहितांना अंडी घालायला धड जागा उरली नव्हती. तेव्हा १९७० साली लोकांनी तिथल्या एका खाजणात मातीचे बेट बांधले. चिखलाची खोटी घरटीही करून ठेवली, जणू पाळणा आधीच टांगला! चार वर्षे वाट पाहिली. १९७४ साली रोहित तिथे उतरले, आणि पुढे कितीतरी वर्षे हजारो जोड्यांनी त्या बेटावर पिल्ले वाढवली. दुसरे उदाहरण जवळचे. कर्नाटकात लक्कवळ्ळीला भद्रा नदीवर साठ वर्षांपूर्वीचे धरण आहे. उन्हाळ्यात त्याचे पाणी उतरले की उघड्या पडणाऱ्या बेटांवर सुरया हजारोंनी घरटी करतात. तिथल्या वनातल्या विश्रामगृहालाही सुरयीचेच नाव दिलेले आहे. धरण आणि माहेर एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा.

उजनीलाही फार मोठे काही नको. फाल्गुन संपता संपता पाण्याची पातळी पाहून कोणते टेकाड बेट होणार, हे काठावरचा कोणताही कोळी सांगू शकतो. अशी पाच-सहा टेकाडे निवडावी. ती काठाला लागू नयेत म्हणून मधली चिंचोळी पट्टी थोडी खोदून ठेवावी. एरवी गाळ काढायला यंत्रे लागतातच. दोन महिने तिथे गाळपेर नको, गुरे नकोत, वाळूच्या बोटी तर नकोतच. राखणीला काठावरचीच दोन मुले ठेवावी आणि त्यांना त्याचे पैसे द्यावे. ज्याला पाइपचा वळसा घालावा लागेल, त्याला सात पाइपांचे भाडे द्यावे. हा खर्च आपण हिवाळ्यात पाहुणे पाहायला जे पेट्रोल जाळतो, त्याहून अधिक येईल असे मला वाटत नाही.

आणि आपल्यासारख्या पांढरपेशांनी? आपल्यातले काही हौशी आता उन्हाळ्यातही कॅमेरे घेऊन जाऊ लागले आहेत. त्यांचे प्रेम खरे असते, पण सुरय अंड्यांवरून उठावी म्हणून नाव बेटाला लावणे, अंड्यांचा फोटो काढायला खाली उतरणे, हे बाळंतिणीच्या खोलीत वाजंत्री नेण्यासारखे आहे. ती दहा मिनिटे उठली तरी ऊन आपले काम करते. नाव लांब ठेवा, पाय नावेतच ठेवा आणि नावाड्याला सांगा की जवळ नेलेस तर जास्त पैसे मिळणार नाहीत. पुष्कळदा तो बिचारा गिऱ्हाइकाच्या हट्टासाठीच नाव पुढे घालतो.

पंचतंत्रातली टिटवीची गोष्ट वाचकांनी लहानपणी ऐकली असेल. समुद्रकाठी अंडी घालायला टिटवी भीत होती. नर म्हणाला, समुद्राची काय बिशाद! समुद्राने ते ऐकले आणि नुसती गंमत पाहायला म्हणून अंडी ओढून नेली. मग सारे पक्षी गरुडाकडे गेले, गरुड विष्णूकडे गेला, आणि विष्णूने धनुष्याला बाण लावला तेव्हा समुद्राने अंडी परत केली. 'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण आपल्याकडे अजून चालते. आमच्या गावाकडे तर टिटवीने अंडी उंचावर घातली की सखलात, यावरून पुढचा पाऊस कसा पडेल याचा अंदाज बांधणारे शेतकरी अजून आहेत. ती पाणी ओळखते यावर त्यांचा विश्वास आहे. पाणी सोडण्याचे आणि अडवण्याचे हुकूम मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून निघतात, हे मात्र तिला ओळखता येणार नाही.

उजनीच्या टिटवीला आणि सुरयीला समुद्र आटवायचा नाही. तो दर उन्हाळ्यात आपल्यामुळे आटतोच. आटलेल्या त्या जागेतले वावभर टेकाड त्यांना चैत्र आणि वैशाख असे दोन महिने हवे आहे. मामांनी आठ दिवस मागितले होते. ते त्यांना मिळाले होते की नाही, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही; पण त्या दिवशी गाळातून परतताना ते दर थोड्या वेळाने मागे वळून पाहत होते, आणि ते घराकडे पाहत होते की टेकाडाकडे, हे मला ओळखता आले नाही.